कॉफीचे डोहाळे

त्या उन्हाळ्यात मी भद्रावतीला एका फ्रेंच बाईची सोबतीण होते. सोबतीण हा माझा शब्द, हुद्दा वगैरे काही नव्हता. खाणीच्या मोठ्या साहेबांनी बाबांना विचारलं, "तुमची मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली ना? मग पाठवा तिला गेस्टहाऊसवर. मॅडम दिवसभर एकटी असते." मॅडमचा नवरा नवं यंत्र बसवायला आला होता. सकाळी जीपनं खाणीत जायचा आणि संध्याकाळी काळाठिक्कर होऊन परतायचा. बाबा त्याच खाणीत फिटर. त्यांना साहेबांपुढे नाही म्हणायची सोय नव्हती आणि मला हो म्हणायची घाई झाली होती.

घाईचं कारण वडसा. तिथल्या एका मास्तराचं स्थळ आलेलं होतं. मास्तरावर माझा राग नव्हता, मी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. मला नागपूरला जाऊन एम.ए. करायचं होतं, आणि घरात माझं तोंड उघडलं की आई कुकरच्या शिट्या मोजायला लागायची. बाबांनी तोडगा काढला. म्हणाले, "मॅडम हाय तोवर जाय. ते गेली का वडस्याच्या पाहुण्यायले बलावतो." म्हणजे मॅडम जितके दिवस भद्रावतीत राहील, तितके दिवस मी सुटलेली. तेवढ्यात बाबांचं मन वळवता आलं तर वळवायचं.

मॅडमला मात्र इथं एक दिवस काढायचा नव्हता. गेस्टहाऊसला काटेरी तारांचं कुंपण, फाटकावर चौकीदार. एकटीनं फिरायचं नाही, कारण ऊन. कारण वाघ. कारण लोक पाहतात. वाघ काही आमच्या फाटकाशी येऊन बसत नव्हता, पण साहेबांचा हुकूम होता. ती व्हरांड्यात येरझारा घालायची आणि मी वेताच्या खुर्चीत बसून तिला पाहायची. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, यंत्र चालू झालं की जाऊ. यंत्र चालू होण्याचं नाव घेत नव्हतं.

मी तिला आमची लेणी दाखवली. डोंगराच्या पोटात, अंधारात बसलेला बुद्ध. आमच्या घरचे लोक तिथं गेले की आपोआप हळू बोलतात. तिनंही हात जोडले, आणि बाहेर पायऱ्यांवर येताच विचारलं, जवळ कुठं कॉफी मिळते का? मला रागच आला. मग वाटलं, आपलं भद्रावती हे हिच्यासाठी परदेश आहे. परदेशात माणसाला बुद्धाआधी आपल्या घरची चव आठवत असेल तर त्यात तिचं काय चुकलं?

तिचं इंग्रजीही माझ्यासारखंच लंगडं. त्या लंगड्या भाषेत तिनं सांगितलं, की तिच्या गावी कोपऱ्यावर एक दुकान आहे. सकाळी तिथं उभ्याउभ्या कडक कॉफी प्यायची आणि लोण्यात भाजलेला एक पदार्थ तिच्यात बुडवून खायचा. तेवढं एकदा मिळालं तर मी आणखी महिनाभर राहीन, असं ती म्हणाली. ते वाक्य मी पदरात बांधून घेतलं.

पदार्थाचं तिनं चित्र काढून दाखवलं. चंद्रकोर. मी म्हटलं, ही तर करंजी! आईनं मनापासून करंज्या तळल्या. मॅडमनं एक खाल्ली, आतलं खोबरं लागल्यावर दचकली आणि पाणी प्याली. मग मी एसटीनं चंद्रपूरला गेले आणि बेकरीतून पेस्ट्री आणली, गुलाबी क्रीमची. ते क्रीम टाळूला असं चिकटलं, की ती बिचारी बोलेना. तिसऱ्या खेपेला मी नुसती खारी आणली. खारीचे पदर तिनं बोटानं सोडवून पाहिले, खारी पाण्यासारख्या काळ्या कॉफीत बुडवली आणि खाताना डोळे मिटले. "ऑलमोस्ट," म्हणाली. त्या दिवशी मी घरी गाणं म्हणत गेले, आईला वाटलं उन्हाचा परिणाम झाला.

आता राहिली कॉफी. गेस्टहाऊसच्या डब्यातली पावडर ओल लागून ढेकूळ झाली होती. मी कॉलनीत घरोघर विचारत निघाले, आणि तिथंच सगळा घोळ झाला. आमच्याकडे तेव्हा धडधाकट माणूस चहा प्यायचा. कॉफी तापातून उठलेल्याला, नाही तर बाळंतिणीला. शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, "कोन बिमार हाय वो?"

"कोणी नाही. मॅडमला पाहिजे."

"रोज मांगते का?"

"रोज."

"अन् जेवन?"

"जेवण कुठं जातंय तिला? फोडणीचा वास आला की नाक दाबते."

"अन् आंबट-खारट काही?"

"खारी मागते," मी म्हटलं.

काकूंनी त्यांच्या सुनेकडे पाहिलं, सुनेनं काकूंकडे पाहिलं. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते, तरी दिवेलागणीपर्यंत कॉलनीभर झालं की मॅडमला दिवस गेले आणि तिला कॉफीचे डोहाळे लागले.

दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात रांग लागली. किटलीत कॉफी, डब्यात कॉफी, पितळी गडव्यात कॉफी. सगळी दुधात आटवलेली, जायफळ घातलेली, बासुंदीसारखी गोड, वर जाड साय. डोहाळे पुरवल्याशिवाय बायका हलत नव्हत्या. त्या समोर बसून राहायच्या आणि मॅडम घोट घोट गिळायची. आधी तिला कुंपण होतं, आता आणखी हे प्रेमाचं कुंपण पडलं. मी सांगून थकले, की असं काही नाही हो. त्या समजूतदारपणे मान डोलवायच्या. "बराबर हाय बाई. पयले तीन महिने सांगू नाई." नाही म्हणावं तेवढं ते पक्कं होत गेलं.

शेवटी खुद्द साहेबीणबाई आल्या, खण, नारळ आणि हिरव्या बांगड्या घेऊन. त्या पुण्याकडच्या, इंग्रजीशी त्यांचं जमत नसे. मला म्हणाल्या, "हिला खरं काय ते नीट विचार. खरं असेल, तर आमचे हे हिला या उन्हात एक दिवस इथं ठेवणार नाहीत. परक्या मुलखातली मुलगी, उद्या काही झालं तर निस्तरायचं कुणी?"

मी मॅडमला सगळं सांगितलं. डोहाळे म्हणजे काय तेही सांगितलं. आधी ती हसली. मग हसू थांबलं आणि तिनं माझा हात धरला. हळूच विचारलं, "काय सांगितलं तर मला जाऊ देतील?"

खरं काय ते मला माहीत होतं. आठच दिवसांपूर्वी मी तिच्यासाठी औषधाच्या दुकानातून कापूस आणला होता. नाही म्हटलं असतं, तर खरंच बोलले असते. यंत्र अजून बंद होतं, तिचा पावसाळाही इथंच गेला असता, वडसा लांबला असता, आणि तोवर नागपूरच्या कॉलेजचे प्रवेश सुरू झाले असते.

"काय म्हणते?" साहेबीणबाईंनी विचारलं.

मॅडमनं माझा हात अजून सोडला नव्हता. मला तिचा हेवा वाटला. तिला जायला एक गाव होतं आणि तिकडे जायला एक शब्द पुरत होता.

"हो म्हणते," मी म्हणाले.

साहेबीणबाईंनी तिथंच तिची ओटी भरली. संध्याकाळी मोठ्या साहेबांनी तिच्या नवऱ्याचं सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. त्यानं बायकोकडे एकदा पाहिलं, बायकोनं जमिनीकडे, आणि तो "थँक यू" म्हणाला.

नवरा यंत्रापायी मागंच राहिला. तिला बल्लारशाहला गाडीत बसवायला आम्ही जीपनं गेलो. बाबाही सामान उचलायला आले होते. मद्रासकडून येणारी दिल्लीची गाडी तिथं बराच वेळ थांबते. गाडी लागली तशी फलाटभर वास सुटला. गाडीतल्या स्वयंपाकाच्या डब्यातून एक माणूस कॉफी घेऊन उतरला होता. मी धावत जाऊन एक ग्लास आणला आणि खिडकीतून तिच्या हातात दिला. तिनं घोट घेतला. मग ग्लास दोन्ही हातांनी धरून बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"गुड?" मी विचारलं.

"व्हेरी गुड," ती म्हणाली. उरलेला अर्धा ग्लास तिनं माझ्यापुढे केला. मी तो प्याले. कडू होती, पण चांगली होती.

गाडी हलली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मी हात हलवत राहिले. जीपकडे चालताना बाबा शेजारी आले. नजर समोर ठेवूनच म्हणाले, "मंग वडस्याले कळवू ना आता?"

मॅडमच्या सुटकेसाठी मला एक शब्द सुचला होता, माझ्या सुटकेसाठी सुचला नाही.

"कळवा," मी म्हटलं.