गाण्याचं खातं नाही म्हणे! तोरणमाळच्या वाटेवरचा गावढोल

आणि आमच्या दारासमोरच्या निंबाभोवती नुसत्या तारा ठोकून मुन्शिपालटीवाले थांबले नाहीत, वर पाटीही लावली: "येथे झोके बांधणे व गाणेबजावणे यास मनाई आहे." का, तर गावाचं आरोग्य! आमच्या मुन्शिपालटीला (गावाचं नाव संपादक छापत नाहीत, घाबरतात) गटार, डास आणि चुना याच्यापलीकडे आरोग्य ठाऊक नाही. त्या निंबाखाली आम्ही बाया दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधतो. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाण्यातून सासूला इतकं बोलून घेतात की परत जाताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे दिसतात. ते बंद.

मी अध्यक्ष शेटजींच्या दुकानी गेले. माझा आवाज असा की नमस्कार केला तरी लोकांना भांडण वाटतं. शेटजी गादीवरूनच म्हणाले, "मावशी, मुन्शिपालटीमा गाणानं खातं नही शे."

"मंग उघडा."

"कोणता कायदामा?"

कायदा आला की माझं तोंड बंद. मला तिसरीतून उठवून चुलीपुढे बसवलेलं. जोडाक्षर दिसलं की अजून ठेच लागते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "मी शिवरातीच्या जत्रेला तोरणमाळला चालले. या गावाचं तोंड बघायचं नाही." तो लगेच "जा" म्हणाला. इतक्या लगेच म्हणायला नको होतं.

सोबत माझी धाकटी जाऊ यमुना. दीर पावसाळ्यात तापाने गेला, तेव्हापासून ती "हो" आणि "नाही" एवढंच बोलते. आखाजीची गाणी तीच सांगायची, आम्ही मागे ओढायचो. वैद्य म्हणाले, हवा बदला. माझ्या मनात मात्र एकच होतं: आखाजीला ही निंबाखाली बसली तर बोलेल. तारांवरून मी उगाच भांडत नव्हते.

जाणाऱ्यांनी ऐकून ठेवा. बैलगाडीचं भाडं जाण्यायेण्याचं आधी ठरवा, आणि गाडीत कडबा भरपूर टाका. मी कमी टाकला, कारण मला सगळं कळतं. शहाद्याला पोचेपर्यंत माझं अंग असं दुखत होतं की धर्मशाळेत उभ्यानेच भाकरी खाल्ली. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि लसणाची चटणी न्या, टिकते. लोणखेड्यापर्यंत कपाशीची शेतं, बांधावरच्या झाडांची सावली चांगली. पुढे पाणी भरून घ्या, मग डोंगर दिसायला लागतो आणि जवळ मात्र येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना घाटाच्या पायथ्याशी एका पाड्यावर बैल सोडले. एका अंगणात भला मोठा ढोल टांगलेला, भोवती सारा पाडा नटूनथटून उभा. बायांच्या गळ्यात चांदी, गड्यांच्या पायात घुंगरू. आणि कोणी वाजवीना! मी वाट पाहिली. बैलांनी वैरण संपवली तरी तेच. मला रांगेत उभं राहणं जमत नाही, मग हे कसं जमावं?

"वाजाडा ना रे भो! पाही काय ऱ्हायनात?" मी ओरडले. कोणी हललं नाही. तेव्हा मीच पुढे झाले, टिपरू उचललं आणि दणका दिला.

मग पाड्यावरच्या बाया आल्या आणि माझ्याभोवती बसल्या. बोंदरीबाई नावाच्या एका म्हातारीने मला खाली बसवून पाठीवर हात ठेवला.

"कोण गयं वं तुन्हं?"

माझं कोण गेलं? मला काही कळेना. आमचा गाडीवान दगडू डोंगराचा माहीतगार, तो कपाळाला हात लावून म्हणाला, "जिजी, काय करं हाई तू! हाऊ मयतना घरना ढोल शे!"

त्याने सांगितलं ते असं. ढोल गावाचा, सांभाळतात पंच. कुणाच्या घरी मयत झालं की ढोल बंद. सुतक फिटलं की पंच तो त्या घराच्या दारात पाठवतात आणि पहिला ठोका त्या घरच्यानेच द्यायचा. तोवर सारं गाव थांबतं. इतर पाड्यांचं मला ठाऊक नाही, इथली ही रीत. उंबऱ्यावर एक तरणा गडी बसला होता, त्याची बायको गेली होती. ढोल कालही आला होता, त्याने वाजवला नाही तर उद्याही येणार होता. त्याला घाई करणारं माणूस पाड्यावर एकच होतं, ते म्हणजे मी. आणि ठोका दिला म्हणजे दुःख माझं, असं साऱ्यांनी धरलं.

चूक झाली म्हणून सांगायला तोंड उघडलं, तोच मागून आवाज आला.

"मन्हा धनी."

यमुना! "मन्हा धनी गया," ती म्हणाली आणि मटकन खाली बसून रडायला लागली. दीर गेल्यापासून ती रडलीच नव्हती. बाया मला सोडून तिच्याकडे वळल्या. उंबऱ्यावरचा गडी तिच्याकडे बघत उठला, माझ्या हातातून टिपरू काढून घेतलं आणि ढोल वाजवला.

बायांनी कमरेला हात घालून ओळ केली आणि यमुनेला मधे घेतलं. मीही घुसले. ओळ डावीकडे गेली, मी उजवीकडे. दोघी जणी माझ्या अंगाखाली सापडता सापडता वाचल्या. बोंदरीबाई म्हणाली, "तू बठ, बाई. तू नुसती पाह्य."

बसले. बसल्या बसल्या विचारलं, "पंचांचं हे काम कोणत्या कायद्यात आहे?"

"ढोल गावना, मंग पंच नही धाडी ते कोण धाडी? तुन्हा गावमा पंच काय करतस?"

"गटारी मोजतस," मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते.

पुढचा घाट उभा आहे. गाडी पायथ्याशीच ठेवावी लागते. मी धापा टाकत, बसत उठत, आधी देवाला आणि मग दगडूला बोल लावत चढले. वर गारवा, मोठं तळं, गोरखनाथाचं देऊळ, जत्रेत ही गर्दी. जन्मात एकदा तरी जाच. देवळात मी काय मागितलं ते लिहीत नाही, शेटजींचं नाव त्यात होतं. उतरताना यमुना मागून म्हणाली, "आक्का, तू नाची ऱ्हायनी व्हती का खळं मळी ऱ्हायनी व्हती?" मळणीचा हा टोमणा ऐकून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

घरी येऊन आठवडा झाला. अंगदुखी गेली. यमुना थोडं बोलते, संध्याकाळी दारात बसते आणि समोरच्या तारांकडे बघते. म्हटलं, घरात गा. म्हणाली, "एकलीनं काय गावं?"

म्हणून मेंबर मंडळींना विचारते. तारा काढता की नाही? झोक्याचे दोर मुन्शिपालटीने द्यायचे आणि यंदा ज्या घरी मयत झालं त्या घरची बाई पहिली बसवायची. विधवा झोक्यावर कशी, असं म्हणणाऱ्यांना मी बघून घेईन. गुढीपाडव्याला दिवस मावळायच्या आत उत्तर पाहिजे. कलमं लिहून पाठवू नका, मला वाचता येत नाहीत. अध्यक्षांनी गादीवरून उठून यमुनेच्या दारात यावं आणि हो की नाही ते तिला सांगावं.