मांड्यांचा हात

पहिल्यांदा हातातून कप पडला. मी वेंधळी नाही. कप नीट धरलेला होता, पण बोटांनी तो मला न विचारताच सोडून दिला. मग एकदा पाण्याची कळशी सुटली. तिसऱ्यांदा काय सुटणार, याचा मी विचार करत नव्हते, पण तो विचार घरातच कुठेतरी बसलेला असायचा.

लग्न होऊन दोंडाईच्याला आले त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मला नोकरी लागली होती, आणि शाळेच्या वेळेला एसटी नव्हती, म्हणून सायकल. सायकल सुटली की नोकरी सुटली, दुसरा मार्ग नव्हता. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असले की मी कुणाची सून नसायचे, हे सुख मला सोडायचं नव्हतं. सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणत, मीही. सुनेनं सायकलवर टांग टाकणं अक्कांना पटलं नव्हतं. बठ्ठं गाव हासी, असं त्या म्हणाल्या होत्या. गाव हसलंही. मग हसून कंटाळलं आणि मी कधी पडते याची वाट बघत बसलं.

दुखणं उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला होतं, रुपयाएवढ्या जागेत. रस्त्यावर खडी आली की हॅंडलातून धक्का थेट तिथे पोचायचा. ब्रेक दाबला की कळ मनगटापर्यंत उतरायची आणि मूठ आपोआप सैल व्हायची. अक्कांनी बिब्बा लावला. माझ्या नोकरीत बिब्बा घालावा असं त्यांच्या मनात नसेलही, पण कोपरावर फोड मात्र टरारून आले. शेवटी नवऱ्याने धुळ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिला आणि टेनिस एल्बो म्हणाले. टेनिस कधी शिकलीस, असं नवऱ्याने परतीच्या वाटेवर तीनदा विचारलं. मला हसू आलं नाही. हाताला विश्रांती द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कोणत्या कामातून, ते सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांनी ते सायकलवर नेऊन ठेवलं.

मी हट्टाला पेटले. सायकलवाल्याकडून हॅंडल उंच करून घेतलं, ब्रेकची दांडी मुठीजवळ आणवली, मुठींवर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. कोपर ताठ न ठेवता जरा सैल ठेवायचा, मनगट वाकवायचं नाही, हे करून बघत शिकले. आठवडाभरात दुखणं निम्म्यावर आलं. मग भावकीत एक लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला वेणी घालता येईना.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे लग्न म्हटलं की खापरावरचे मांडे आलेच. त्यांची कणीक तार सुटेपर्यंत तिंबायची, उचलून आपटायची, पुन्हा तिंबायची. मग पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि तापलेल्या खापरावर टाकायचा. माझा मांडा फाटत नसे. त्यामुळे भावकीतल्या प्रत्येक लग्नात परातीपुढे मीच, आणि कौतुकाने मीही फुगायचे. दुखण्याचं मूळ तिथे होतं. सायकल फक्त चुगली करत होती. पण हे बोलायचं कुणाजवळ? सायकलला नाव ठेवणं सोपं होतं. मांड्यांना नाव कोण ठेवणार?

शाळेच्या वाटेवर एक उतार होता, आणि उताराच्या तळाशी रेल्वेचं फाटक. आणखी एका लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी त्या उताराला लागले तेव्हा फाटक पडलेलं दिसलं. मालगाडीची शिटी जवळ आली होती. मी उजवा ब्रेक दाबला आणि मूठ उघडी पडली. मागचा ब्रेक नावालाच होता. चपला जमिनीवर घासत, तोंडाने काहीबाही पुटपुटत मी खाली गेले आणि सायकलसकट फाटकाच्या दांडीवर आदळले. गुडघे फुटले. समोरून डबे जात राहिले, इतक्या जवळून की पदर फडफडत होता. मी भ्याले, आणि ती भीती कुणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर सायकल त्याच दिवशी माळ्यावर गेली असती.

आठ-दहा दिवसांनी नणंदेचं लग्न आलं. आदल्या दिवशी सकाळी अक्कांनी मोठी परात माझ्यापुढे सरकवली. चुलत सासवा, मावश्या, सगळ्या ओट्यावर बसलेल्या. मी परातीला हात लावला नाही. कणीक मी तिंबणार नाही, त्यानं हात कामातून जातो, असं म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"सायकल सोड," अक्का म्हणाल्या. "हात बरा व्हई जाई."

"सायकल नाही सोडणार," मी म्हणाले. "मांडे सोडते."

आता त्या ओरडतील, नवऱ्याला हाक मारतील, असं वाटून मी अंग चोरलं. त्या ओरडल्या नाहीत. माझ्यासमोर बसल्या आणि दोन्ही हात पुढे पसरले. डावा सरळ झाला. उजवा कोपरातून वाकलेलाच राहिला, जोर लावला तरी वाकलेलाच. त्या हाताने त्यांनी मला वाढलं होतं, माझ्या डोक्यावर पदर सारखा केला होता, आणि तो सरळ होत नाही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"मना बी हात असाच शे, पोरी," त्या हळू म्हणाल्या. "पन मले कोठे जानं व्हतं?"

मग त्यांनी परात स्वतःकडे ओढली आणि त्याच हाताने कणीक तिंबायला घेतली. मी तिथेच बसून राहिले. मदतीला हात पुढे केला नाही, कारण एकदा केला असता तर तो मला परत मिळाला नसता.