सतराव्या पानावरचा पतंग

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये मला कोणी शहाणपण शिकवायला नको. माझा भुतांवर काडीचाही विश्वास नाही. आजोबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी घरातली भुतंखेतं, अंगारे-धुपारे सगळं बाहेर काढलं. मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. पण भुतांच्या गोष्टी... त्यांची बातच वेगळी! भयकथांची जुनी मासिकं जमवणं हा मला पंधरा वर्षांपासून जडलेला आजार आहे. गंजलेल्या पिना, पिवळी पानं, कवटीच्या जाहिरातीशेजारी केशतेलाची जाहिरात — असं काही हातात आलं की मला जेवण सुचत नाही.

हा आजार लावला कमलआत्याने. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम नागपुरातलंच सक्करदरा. ती तरुण असताना 'अवसघडी' नावाच्या मासिकात 'सातव्या पायरीखाली' ही कादंबरी क्रमशः यायची. मोहन नावाचा तरुण शापित विहिरीत उतरतो आणि त्याची धाकटी बहीण वर दोर धरून उभी राहते. मेच्या अंकात शेवटच्या ओळीला तिच्या हातातला दोर अचानक सैल पडतो... आणि खाली क्रमशः! त्याच मे महिन्यात आत्याचा मोठा भाऊ, म्हणजे माझे सुधाकरकाका, काविळीने गेले. फक्त बावीस वर्षांचे होते. वाचनालयाचं कार्ड त्यांच्याच नावावर होतं. काका गेले, कार्ड गेलं, आणि आत्याचा शेवटचा भाग वाचायचा राहिला तो राहिलाच.

गेल्या वर्षी काचबिंदूने आत्याचा एक डोळा गेला. दुसऱ्यात थोडी नजर उरलीय. डॉक्टर म्हणाले, वाचायचं असेल ते आताच वाचून घ्या. मी म्हटलं, अंक मिळाला की मी वाचून दाखवते. तर अशी भडकली!

"तू काहून वाचशील? मी माह्या डोळ्यानं वाचीन. तू फक्त आण."

मग काय, मी रद्दीची दुकानं पालथी घातली. 'अवसघडी'चे बाकी सगळे अंक माझ्याकडे होते, नेमका तो एकच नव्हता. आणि मागच्या महिन्यात एका रविवारी, सकाळी अकराला, रद्दीवाल्या रमेशभाऊंचा फोन आला.

"ताई, उमरेडवरून दोन पोते आले. तुमची भुतं दिसून राहिली त्यात."

"भाऊ, कोणालेच हात लावू देऊ नका! मी निघालीच!"

दुसऱ्या पोत्यात, गाईडांच्या गठ्ठ्याखाली, तो होता. मुखपृष्ठावर विहिरीतून वर येणारा हिरवा हात, शेजारी किंचाळणारी बाई, आणि एवढ्या गोंधळातही तिच्या केसातला गजरा जागच्या जागी! मी दुकानातच ओरडले. रमेशभाऊ म्हणाले, "ताई, पाणी पिता का?"

ऑटोत बसल्या बसल्या मी पानं तपासली. गोष्ट वाचायची नाही असं आत्याला वचन दिलं होतं, म्हणून नुसते पानांचे आकडे पाहत गेले. सतराव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला नखाएवढा पतंग दिसला. आत 'क', खाली मधेच तुटलेली दोरी. माझा जीव चरफडला. अशा खुणा खोडायला मी पर्समध्ये मऊ रबर ठेवते, ते काढलंही. पण ऑटो खड्ड्यांतून उसळत होता, पान फाटलं असतं. म्हणून फक्त फोटो काढला आणि संग्राहकांच्या ग्रुपवर टाकला — 'बघा, लोक अंकांची काय वाट लावतात!'

"काय वं, एवढ्या धापा टाकून राहिली?" आत्याने दार उघडलं.

मी अंक तिच्या हातात ठेवला. तिने मुखपृष्ठावरून बोटं फिरवली, अनुक्रमणिका पाहिली नाही, गोष्ट शोधली नाही. सरळ सतरावं पान उघडलं, भिंग लावलं... आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"सुधाकरदादा," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. त्या काळी वाचनालयाच्या सभासदांना एक खोड असायची. अंक आपण वाचलाय हे पुढे कळावं म्हणून जो तो ठरलेल्या पानावर आपली बारीक खूण करायचा, ग्रंथपालाच्या नकळत. काकांचं पान सतरावं, खूण पतंगाची. अंक आधी ते वाचत आणि मग आत्यासाठी निरोप ठेवत. आत 'क' म्हणजे कमल. दोरी अखंड असली तर वाच. कटलेली असली तर वाचू नको, तुला झेपणार नाही. हे दोघांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आणि खरं सांगू? आनंदही झाला, प्रचंड! पण डोकं केमिस्ट्रीचं. म्हटलं, हा अंक काका जायच्या आधीच छापून आला असेल. पहिलं पान उघडलं तर संपादकांची दिलगिरी — छापखाना बंद पडल्यामुळे जून, जुलै, ऑगस्टचा जोडअंक उशिराने देत आहोत. काका मेमध्येच गेले होते. शिवाय शिक्का उमरेडच्या वाचनालयाचा, जिथे काका कधी सभासदच नव्हते. पतंग आत्याने काढला म्हणावं तर तिने अंकाला हात लावण्याआधीच फोटो ग्रुपवर गेला होता, वेळेसकट.

"आत्या, आता? काका तर नको म्हणताहेत," मी म्हटलं.

आत्याने पदराने भिंग पुसलं. मग खुर्ची खिडकीजवळ ओढली.

"आयुष्यभर त्याचं ऐकलं. तो बावीस वर्षांचा पोट्टा, मी चौऱ्याहत्तरची. आता मोठी मी हावो."

तिने वाचायला घेतलं. एकेक ओळ, भिंग सरकवत. मधेच डोळा पुसायची, पुन्हा ओळ शोधायची. मी समोर बसून फोनवरचा फोटो मोठा करकरून बघत होते. योगायोग? दुसरा कोणी पतंगवाला, दुसरी कोणी 'क'? त्याच पानावर, तीच कटलेली दोरी? ग्रुपवरच्या शहाण्यांनाही विचारून झालं. महिना झाला, मला उत्तर सापडलेलं नाही, आणि सापडेल असं वाटतही नाही.

दोन तासांनी आत्याने अंक मिटला. मी जवळ गेले. "काय झालं शेवटी?"

"मोहन वर येत नाही," ती म्हणाली. "बहीण जन्मभर दोर धरून बसते."

मी तिचा हात धरला. ती मात्र चक्क हसत होती, डोळ्यांतून पाणी गळत असताना.

"एवढ्यासाठी वाचू नको म्हणून राहिला होता, वेडा. हे तं मले केव्हाचंच माहीत होतं."