सतरा मिस्ड कॉल

गजराबाईचं आणि खालच्या गावच्या अमृतचं काहीतरी आहे, असं आमच्याकडं लोक दोन वर्षांपूर्वी कुजबुजायला लागले. पुरावाही होता. एका सकाळी अमृतच्या मोबाइलवर तिचे सतरा मिस्ड कॉल! बाई पन्नाशीची, दोन सुनांची सासू, आणि सतरा! अमृतनं स्वतःच चहाच्या टपरीवर फोन काढून लोकांना दाखवले. खोटं कशाला बोलू, ही बातमी एसटीतून डिंगोऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत मीही होतो. माझ्या तोंडून निघेस्तोवर सतराचे एकवीस झाले होते.

आमचं गाव नदीच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात. अमृतचं खाली, हद्दीपलीकडं आंबेगावात. गजराबाई आमची ग्रामपंचायत सदस्य. तिचं बालपण मेंढरांमागं गेलं. या नदीच्या काठाकाठानं बापाबरोबर पार भीमेपर्यंत चाललेली बाई. पाण्याचा रंग बघून डोंगरात पाऊस कुठं पडला ते सांगायची. जीभ मात्र विळ्यासारखी. मला एकदा भर ग्रामसभेत म्हणाली, "आजोबा, तुमाला सायरन म्हणून पुलावर बसवलं तर सरकारचा खर्च वाचंल."

पुण्याच्या एका संस्थेनं घोडेगावात बायकांचं तीन दिवसांचं शिबिर घेतलं. नदी तालुक्याची हद्द मानत नाही, राज्याचीही नाही. हेच पाणी पुढं कर्नाटकात जातं, तेव्हा पुराची खबरही पाण्याच्या पुढं धावली पाहिजे, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. म्हणून काठावरच्या प्रत्येक गावात एक बाई नेमायची. पुलाच्या खांबावर लाल पट्टी मारायची. पाणी पट्टीला लागलं की वरच्या बाईनं खालच्या बाईला फोन करायचा. पाणी पोचायला दीड तास लागतो, तेवढ्यात खालचीनं नदीकाठ रिकामा करायचा.

गजराबाईच्या खालची बाई म्हणजे हर्षाली. वय एकोणतीस, खालच्या गावची सरपंच, अमृतची बायको. शिबिरात पुढच्या खुर्च्यांवर बायका आणि मागं त्यांचे नवरे, जेवणापुरते. यादीत नंबर लिहायची वेळ आली तशी अमृतनं हर्षालीच्या हातातला पेन काढून घेतला आणि स्वतःचा नंबर टाकला.

मॅडम म्हणाल्या, "अहो, सरपंचांचा नंबर हवाय."

"एकच हाय ओ मॅडम. तिला कशाला लोकांचे फोन? मी हाय ना."

गजराबाई मागं वळून म्हणाली, "मग राव, पूर आला की लुगडं नेसून तुमीच पळणार का?"

सगळा हॉल हसला. हर्षालीही हसली. अमृतनं मान वर केली नाही. त्या हसण्याची किंमत काय, हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

मग पंधरा ऑगस्ट आला. डोंगरात दोन दिवस पाऊस कोसळत होता. सकाळी साडेआठपर्यंत खालच्या गावचं झेंडावंदन उरकलं. दोरी ओढायला हर्षाली, भाषणाला अमृत. पोरांना जिलेबी वाटणं चाललं होतं, तेवढ्यात गजराबाई पोराच्या मोटारसायकलवरून उतरली. आमचा पूल पाण्याखाली गेला होता, त्यामुळं ती लांबचा वळसा घालून आली होती. केस सुटलेले, पदर चिखलानं माखलेला. तिनं सगळ्या गावासमोर अमृतची कॉलर धरली.

"फोन का न्हाई उचलला? सांग, का न्हाई उचलला?"

लोकांनी पाहिलं ते एवढंच. परकी बाई, परका पुरुष, कॉलर आणि फोन. तेवढ्यात नदीकडून आरडाओरडा ऐकू आला. गेणभाऊ मेंढपाळाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पात्रातल्या उंचवट्यावर बसला होता. तो मेंढरं घेऊन बाहेर पडला. त्याची बायको साळुबाई कोकरांसाठी मागं फिरली. दुसऱ्या दिवशी चार किलोमीटर खाली ती सापडली, बाभळीला अडकलेली.

साळुबाईबद्दल लोक आठ दिवस बोलले. गजराबाईबद्दल दोन वर्षं. "बाई माझ्या मागंच लागलीय," अमृत डोळा बारीक करून सांगायचा. बाजारात बायका तिच्याकडं बघून तोंडाला पदर लावायच्या. धर्माजी, तिचा नवरा, साधा माणूस. त्यानं भांडण केलं नाही, फक्त तिचा फोन काढून घेतला. पुढच्या निवडणुकीत तिनं अर्ज भरला नाही. संस्थेनं नवी यादी केली, त्यात आमच्या गावापुढं आता धर्माजीचा नंबर आहे. धर्माजीला ऐकू कमी येतं.

परवा घोडेगावच्या स्टँडवर हर्षाली भेटली. मी सवयीनं खडा टाकला, "काय सरपंच, त्या एकवीस फोनांचं काय झालं पुढं?"

ती हसली नाही. "सतराच व्हते, आजोबा. मी दोरीपाशी उभी व्हते, फोन त्यांच्या हातात व्हता. मी म्हणलं, उचला. तर म्हणले, लुगडंवाली हाय, वाजू दे. माझं भाषण हाय."

गजराबाईनं पहिला फोन सात वाजून पाच मिनिटांनी केला, शेवटचा पावणेआठला. पाणी लाल पट्टीला लागलं होतं. यादीत दुसरा नंबर संस्थेचा होता. सुट्टी असल्यानं तोही कुणी उचलला नाही. साळुबाई पावणेनऊला गेली.