एक टिंब आणि एक ब

श्रीखंडाचा घास तोंडात होता. पुण्याहून आलेल्या एका काकूंनी विचारलं, "तुझं माहेरचं आडनाव काय गं?" मी घास घाईघाईने गिळला आणि म्हणाले, "कां—"

"काळे," सासूबाई म्हणाल्या. "सोलापूरचे काळे. पुरी घ्या ना अजून."

काकूंनी पुरी घेतली. "हो का? आमच्या वहिनी काळ्यांच्याच," म्हणाल्या. माझा नवरा निखिल पाण्याचा जग भरायला उठला. जग भरलेलाच होता.

मी कांबळे. सोलापूरच्या एसटी डेपोतल्या मेकॅनिकची मुलगी. बौद्ध. हे त्या टेबलावर तिघांनाच माहीत होतं. सासूबाईंना, निखिलला आणि मला. चौथ्याला कळू द्यायचं नव्हतं.

वॉटफर्डच्या घरातलं माझं ते पहिलं पाडव्याचं जेवण. इंग्रजीत पाहिलं तर दोन अक्षरं गेली. मराठीत एक टिंब आणि एक ब. तेवढं खरवडलं की मी चारचौघांत बसायला योग्य.

त्याच टेबलामागे भिंतीवर कमलआजीचा फोटो आहे. निखिलची आजी. खरं नाव कार्मेन. स्पेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा लहानपणी बोटीने इकडे पाठवलेली. वेल्समध्ये वाढली, कार्डिफच्या हॉस्पिटलात नर्स झाली आणि तिथेच नव्याने आलेल्या डॉक्टर लिमयांशी लग्न केलं. फोटोत नऊवारी, नाकात नथ. पाहुणे आले की सासूबाई हमखास सांगतात, "आमच्या सासूबाई स्पॅनिश हं. पहिल्यांदा पुरण घातलं तेव्हा विचारलं, यात हॅम कधी घालायचं?" सगळे हसतात. तिची आई बंदरावर मासळी विकायची, हेही सांगतात. केवढे कष्ट उपसले हो, असं म्हणून.

म्हणजे तिच्या घरी डुक्कर खायचे, याचा किस्सा झाला. माझ्या घरी काय शिजायचं हे कुणी विचारूच नये म्हणून माझं आडनाव कापलं. नाव तिचंही बदललं, कार्मेनची कमल केली. पण कौतुकाने केली. माझं बदललं ते लाजेने.

अण्णा, माझे वडील, इथे एकदाच आले. रेवा झाली तेव्हा. इथल्या मराठी मंडळातले एक डॉक्टर बाळाला बघायला आले होते. सासूबाई म्हणाल्या, "हे काळेसाहेब. हिचे वडील."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस डेपोत वरच्या साहेबासमोरसुद्धा आडनाव ठणकावून सांगायचा. मला पुण्याला कॉलेजात सोडायला आला तेव्हा म्हणाला होता, "आडनाव विचारलं तर पूर्ण सांगायचं. अर्धं सोडलंस तर उरलेलं लोक भरतात." माझ्या मांडीवर इवलीशी रेवा होती. मी तिचं टोपडं नीट करत बसले. अण्णा डॉक्टरांना म्हणाले, "चहा फार चांगला झालाय."

चहा अजून यायचा होता.

सोलापूरला परत गेल्यावर त्यांनी हा विषय कधीच काढला नाही. पुढच्या वर्षी वारले. माझ्यासाठी त्या माणसाने स्वतःचं नाव गिळलं आणि मी त्यांची साधी माफीही मागितली नाही.

मग इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं. पुढे काही वर्षांनी स्पेनने कायदा केला. युद्धामुळे देश सोडावा लागलेल्यांच्या नातवंडांना नागरिकत्व. निखिलने कमलआजीच्या जन्माची नोंद तिच्या गावाहून मागवली, अर्ज केला, त्याला मिळालं. आता त्याच्यामुळे रेवालाही मिळणार होतं. रेवा बारा वर्षांची.

हे व्हावं असं सगळ्यांत जास्त मला वाटत होतं. ब्रॅकनेलच्या ऑफिसातली माझी टीम माद्रिदला जायची तेव्हा सगळे सकाळी उठून निघायचे. मी माझा भारतीय पासपोर्ट घेऊन व्हिसाच्या रांगेत. रेवाला वाटेल तिथे शिकता यावं, राहता यावं, कुणी अडवू नये. आजी कोण होती यावरून कुणाला एक अख्खा देश मिळतो, हे मी डोळ्यांनी बघत होते. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा माझं आडनाव ऐकलं की खोली 'आत्ताच गेली' व्हायची. तेही आजी कोण होती यावरूनच.

एका संध्याकाळी जेवताना निखिल म्हणाला, "स्पेनमध्ये दोन सरनेम्स असतात. आधी वडिलांचं, मग आईचं. आईचं मेडन नेम. रेवाच्या पासपोर्टवर दोन्ही येणार."

रेवा खूश झाली. "रेवा लिमये काळे. साउंड्स सो कूल."

"काळे नाही," मी म्हणाले. "कांबळे."

"पण आजी म्हणते ना, तुझी सरनेम काळे आहे? मी स्कूलच्या फॅमिली ट्रीमध्ये पण तेच लिहिला."

माझ्या हातातली पोळी हातातच राहिली. इतकी वर्षं मला वाटत होतं, खोटं पाहुण्यांपुरतं आहे. पाहुणे जातील, खोटं जाईल. ते माझ्या पोरीच्या तोंडात जाऊन बसलं होतं.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "पासपोर्टवर छापणार? कायमचं?"

रेवाला वर पाठवलं. मग सासूबाई अगदी हळू आवाजात बोलल्या. त्या कधीच ओरडत नाहीत. "मला तुझ्याबद्दल काही नाही गं. तू गुणाची आहेस. पण पोरीच्या नावात कशाला? तिचं सगळं व्हायचंय अजून. तू काळे करून घे ना. इथे सोपं असतं म्हणे."

"डीड पोल," निखिल म्हणाला. "नाव बदलायचा कागद. ऑनलाइन मिळतो. लुक, दोन लेटर्स आहेत फक्त. आईला शांत वाटेल. मग मी रेवाच्या अर्जावर सही करतो."

रेवा लहान म्हणून आईवडील दोघांच्याही सह्या लागत होत्या.

"आणि मी नाही केलं तर?"

"मग थांबू. घाई काय आहे?" असं म्हणून त्याने भात वाढून घेतला.

रेवाच्या जन्मदाखल्यावर कांबळेच आहे. मी आता नाव बदललं तर ते स्पेनच्या वकिलातीत चालेल का, हे दोघांनाही माहीत नव्हतं. विचारायची गरजही वाटली नाही. त्यांना माझं नाव माझ्याच हाताने खोडून हवं होतं, एवढंच. आणि भिंतीवरच्या कमलआजीच्या नावात मासळी विकणाऱ्या आईचं आडनाव होतं. त्याच नावाच्या नोंदीवर निखिल स्पॅनिश झाला होता.

मी तयार झाले. खोटं कशाला सांगू? पोरीसाठी तयार झाले. त्या आठवड्यात ऑफिसला जाताना मोटरवेवर काचा वर करून ओरडायचे, इतकं की घसा बसायचा. मीटिंगमध्ये लोक विचारायचे, सर्दी झाली का? मी हो म्हणायचे.

शेवटी ऑफिसातच डीड पोलची प्रिंट काढली. साक्षीदार लागतो, म्हणून शेजारच्या डेस्कवरच्या गॅरेथला बोलावलं. साधा माणूस, कार्डिफचा. त्याने कागद वाचला आणि माझं आडनाव मोठ्याने उच्चारलं. "कांबळे." जमेल तसं, पण पूर्ण. कागदोपत्री मी कांबळेच, पण त्या ऑफिसात लिमये होते. ते नाव तिथे कुणी पहिल्यांदाच घेतलं होतं.

"व्हॉट्स राँग विथ इट?" त्याने विचारलं.

खोडी काढायला नाही, खरंच कळलं नाही म्हणून.

मग मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. मी या नावाचा पूर्णपणे त्याग करते, ते सोडून देते, टाकून देते. असं लिहिलेलं. एकदा सांगून भागत नव्हतं त्यांचं, तीन-तीनदा सांगायचं. आणि मला अण्णा दिसले. बैठकीच्या खुर्चीत अंग चोरून बसलेले, न आलेल्या चहाचं कौतुक करणारे. मी तिथेच रडले. सगळ्या ऑफिससमोर. गॅरेथने बिचाऱ्याने पेनाला टोपण लावलं आणि टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

कागद फाडला. घरी जाऊन दोघांना सांगितलं, "मी सही करणार नाही. माझं आडनाव कांबळे आहे. रेवाच्या नावातही तेच येईल."

"म्हणजे पोरीचं नुकसान तूच करणार," सासूबाई म्हणाल्या. निखिल फोनमध्ये बघत राहिला. चौदा वर्षं या माणसाबरोबर राहिले. आमचं लग्न होताना हाच म्हणाला होता, मी जात मानत नाही. मानत नाहीच तो. फक्त ती छापलेली नको.

रेवा जिन्यात उभी होती. "मम्मी, जस्ट साइन इट. तू एवढी सेल्फिश का होतोय?"

मी तिला खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. आपण कोण, काळे कुठून आलं, पुण्यातल्या खोल्या, अण्णांचा चहा. तिने मान खाली घालून ऐकलं. "ओके," म्हणाली. मग मला बाहेर जायला सांगितलं.

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिचा अर्ज निखिलच्या सहीवाचून पडून आहे. अठराची झाली की ती स्वतः करू शकेल. तेव्हा ती माझं नाव घेईल का, मला माहीत नाही. कदाचित घेणार नाही. कदाचित म्हणेल, तुझ्या हट्टापायी माझी वर्षं गेली. मी रोज हेच मनात घोळवते.

तरी कागद पुन्हा काढणार नाही.

रविवारी पाडव्याचं जेवण आहे. मंडळातले लोक येणार आहेत, दोन कुटुंबं नवीन आहेत. सासूबाईंनी आज सकाळीच चक्क्यासाठी दही टांगून ठेवलंय. नवीन माणसं विचारतातच. नाही विचारलं तर मीच सांगेन. रेवा समोर बसलेली असेल, तिने ऐकलं पाहिजे. आधी तोंडातला घास संपवेन. सासूबाई मध्ये बोलल्या तर त्यांचं बोलून होऊ देईन आणि पुन्हा पहिल्यापासून सांगेन.

कांबळे. सोलापूरचे कांबळे. पुरी घ्या ना अजून.