गच्चीच्या टाकीत बुडालेलं लाकूड

लाकूड पाण्यावर तरंगतं, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण ते ज्ञान ऐरोलीतल्या माझ्याच हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या फिश टँकमध्ये, माझ्यावरच उलटेल असं वाटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य. चार मजली इमारत, सोळा बिऱ्हाडं, आणि सोसायटीचा सेक्रेटरी मी. त्या पदासाठी दुसरं कुणी उभं राहिलं नाही, एवढंच माझं कर्तृत्व. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर घणसोली गावातला एक मित्र बसायचा. त्याच्या घरामागे खाडीनं आणून टाकलेलं एक वाकडंतिकडं खोड मला दिसलं आणि माझ्या डोक्यात टँकमधलं जंगल उभं राहिलं. घरी आणून घासलं, पाण्यात सोडलं. ते मगरीसारखं वर पडून राहिलं. दगड बांधला, तर सुतळी निसटली आणि खोड उसळून झाकणावर आपटलं. चारही एंजल मासे एका कोपऱ्यात जाऊन माझ्याकडे बघायला लागले.

मित्राला सांगितलं तर तो हसला. "आरं, सुकं हाय ते. महिनाभर पान्यान ठेव, आपोआप बुडल."

महिनाभर कुठे ठेवणार? पाणी यायचं सकाळी तासभर. घरातली प्रत्येक बादली, प्रत्येक पिंप कामाला जुंपलेलं. उकळून बघावं म्हणून बायकोकडे मोठं पातेलं मागितलं.

"पुरणाच्या पातेल्यात खाडीचं लाकूड? आधी मला बुडवा, मग त्याला."

तेव्हा माझी नजर खिळ्याला लटकणाऱ्या किल्लीवर गेली. गच्चीवरच्या टाकीची किल्ली. सेक्रेटरीच्याच घरी असायची ती. केवढी टाकी, केवढं पाणी! ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो, हे कबूल करतो. दुपारी गुपचूप वर गेलो, खोडाला नायलॉनची दोरी बांधून आत सोडलं, दुसरं टोक आतल्या लोखंडी शिडीला अडकवलं.

आठवड्याभरात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. काकू मूळच्या साताऱ्याच्या. "काय वो सेक्रेटरी, नळाला बिनदुधाचा चहा यायलाय. साखर तेवढी तुमी टाका."

टाकीतलं खोड आठवलं, पण तोंड सेक्रेटरीचं होतं. "काकू, मागूनच तसं येतंय. पाइपलाइनचं काम चालू असेल." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी गढूळ पाण्याबद्दल तक्रारअर्ज लिहिला आणि सोळा घरांच्या सह्या गोळा केल्या. पहिली सही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे. हातात तांबूस पाण्याचा पेला. त्यांचं बाळ आठ महिन्यांचं. "दोन दिवस जुलाब होतायत हो. पाणी उकळूनच देतो आम्ही, तरी... पाण्यामुळे असेल का? संध्याकाळी डॉक्टरांनी परत बोलावलंय."

त्या पेल्याचा रंग मला अजून आठवतो.

ऑफिसला दांडी मारून गच्चीवर पळालो. झाकण उघडलं. वर लाकूड नाही. शिडीला दोरी नाही. मी मारलेली गाठ माझ्यासारखीच, ऐनवेळी सुटणारी. खाली वाकून बघितलं तर ते तळाशी शांत पडलेलं. बुडालं होतं! जिथे बुडायला नको होतं तिथे, आठवड्याभरात.

इमारतीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि हाफपँटवर टाकीत उतरलो. कमरेएवढं पाणी. लाकूड आता दगडासारखं जड आणि साबणासारखं गुळगुळीत. दोनदा उचललं, दोनदा पायावर पडलं. बाळाचा विचार काही डोक्यातून जाईना. एवढ्यात वरचा उजेड अडला.

"आत कोण हाय?"

"मी. सेक्रेटरी."

"पानी का गेलं म्हून बगाय आले, तर तुमी हितं आंगूळ करताय व्हय?"

'टाकीत कचरा पडलाय' हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण बाहेर आलं ते वेगळंच. "काकू, बाळाला काही होणार नाही ना हो?" आणि पाण्यात उभ्याउभ्याच मी सगळं सांगून टाकलं, सह्यांसकट.

काकूंनी दोन्ही हात खाली घातले. "आदी त्ये लाकूड द्या. मग तुमी या." लाकूड वर ओढून घेऊन म्हणाल्या, "आता हेच त्या लेकराच्या बापाला जाऊन सांगा. लेकरू काय प्यालं त्ये डॉक्टरला कळाय नको?"

मी ओल्या कपड्यांनी गेलो. बाप ऐकत राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "संध्याकाळी तुम्ही पण चला."

दवाखान्याच्या बाकावर मी लाकूड वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो. डॉक्टरांनी आधी बाळाला तपासलं, मग लाकूड बघितलं, मग मला. "दातही येतायत त्याला. पण पाण्यानं झालं नाही, असं मी म्हणणार नाही. औषध देतो, दोन दिवस नीट लक्ष ठेवा."

ते दोन दिवस मी टाकी रिकामी करून घासत होतो. एकदा घासली, पुन्हा घासली. वरून काकू झाकणाशी बसून कोपरे दाखवत होत्या. किल्ली त्यांनी परत दिलीच नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी ब्रश थांबवून ऐकायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाप दारात आला. "काल पहिल्यांदा सलग झोपला. जुलाब थांबलेत." त्याची नजर माझ्या मागे गॅलरीत गेली. तिथे ते लाकूड कडक उन्हात पुन्हा सुकत पडलं होतं.

"बुडालं का मग ते?"

"बुडालं होतं," मी म्हणालो.