राखटात दगड ठरत नाही

शिवम्मा हेकट होती. हे गावानं सांगायची गरज नव्हती, ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना कपाळावरचे भस्माचे पट्टे दिसतील अशी मान वर करायची. निजामाच्या राज्यात बाईनं तर सोडाच, बाप्यानंसुद्धा मान एवढी वर करू नये असं शहाण्यांचं मत होतं. शहाण्यांना विचारतो कोण!

केजहून कपिलधारकडं जाताना बालाघाटाचा जो उतार लागतो, त्याच्या पोटात तिच्या सासरचं गाव. घर लिंगायताचं. नवरा वैजिनाथ, मनानं चांगला, पण सरकारी माणसाचा नुसता फेटा दिसला तरी घाम फुटणारा. गावाखाली सगळी काळी रानं, आणि गावाच्या वर, जंगलाच्या कुशीत, या घराचा एक खोलगट तुकडा. त्याला राखट म्हणत.

नाव उगाच पडलं नव्हतं. फार मागं कधीतरी जमिनीनं आग ओकली, तिची राख वाऱ्यानं येऊन या खोलगटात बसली आणि तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या जंगलाचा पाला कुजत गेला, असं जुनी माणसं सांगत. ओढ्यानं जिथं काठ कापला होता तिथं करड्या राखेचा थर उघडा दिसे. बाया तिथून ओंजळभर नेऊन भांडी घासत. वरची माती मात्र काळीभोर आणि इतकी हलकी, की काळ्या रानातली पाटी उचलायला दोघी लागत तिथं इथली भरली पाटी शिवम्मा एकटी डोक्यावर घेई. उन्हाळ्यात खालची रानं भेगाळून पाय अडकायची वेळ यायची, राखटाला भेग म्हणून नसायची. चिमूटभर माती बोटांत चोळली तर आधी कोरडी वाटे, मग एकदम बोटं ओली आणि बुळबुळीत होत. पाणी ती असं पोटात धरून ठेवायची. त्या पाण्यावर धावड्याच्या आणि सीताफळीच्या सावलीत शिवम्माची हळद आणि आलं चैत्रापर्यंत हिरवं राही.

पण राखटाची एक अट होती. त्याला नांगर चालत नव्हता. सासरे मन्मथअप्पा यांनी एकदा हौसेनं वरची झाडं तोडून निम्मा तुकडा नांगरला होता. एक उन्हाळा माती उघडी पडली आणि वाळली ती कायमची. नंतर पाऊस पडला तरी पाणी वरच्यावर ओघळून जाई, आत शिरेना. वारा सुटला की तो तुकडा उडून गावातल्या भाकरीत यायचा. तेव्हापासून खालच्या तुकड्यात खुरप्यानं भोक पाडून हळद टोकायची, वर पाला पसरायचा आणि बैल बांधाबाहेर ठेवायचे, हा घरचा रिवाज झाला. मन्मथअप्पा मरेपर्यंत त्या बोडक्या तुकड्याकडं पाठ करून बसले.

आणि नेमका हाच रिवाज नडला. निजामाच्या जंगल खात्यानं डोंगराची हद्द आखायला काढली. फर्मान सोपं होतं. नांगराचं तास, म्हणजे फाळाची रेघ, दिसेल ते शेत, न दिसेल ते सरकारी जंगल. एकदा हद्दीचा दगड रोवला की आत खुरपं घेऊन जाणारा चोर. राखटात तर झाडंच झाडं, तास औषधालाही नाही.

रामकिसन पाटलानं पारावरून सल्ला दिला. राखटाच्या खाली लगोलग त्याचंच काळं रान होतं.

"येवढं डोकं कशापायी पिकवतीस, शिवम्मा? दोन बैलं घाल, चार तासं मार अन् मोकळी हो."

"वरला तुकडा बघितला न्हाई का तुमी, पाटील? तसा खालचाबी करू?"

"आगं, पण जमीन तर ऱ्हाईल!"

"ती जमीन न्हाई, मढं ऱ्हाईल."

पाटलाचं एक वेळ ठीक, पण घरात वैजिनाथही तेच म्हणू लागला. सगळं जाण्यापेक्षा निम्मं मेलेलं बरं, हा त्याचा हिशोब. शिवम्मा चुलीपुढून म्हणाली, "जिती हाय तवर माजी हाय. मेल्यावर घिवून काय करू, कपाळाला फासू?"

शेवटी एका सकाळी तो मन घट्ट करून बैल जुंपून राखटाच्या बांधावर गेला. शिवम्मा आधीच तिथं येऊन बैलांच्या वाटेत मांडी घालून बसली होती. "न्या माज्यावरनं," ती म्हणाली. वैजिनाथनं कासरा ओढून बैल थांबवले. मग त्यानं बैल वळवले. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही, आणि तिला ते लागलं. भाकरी वाढताना तिचा हात थबकायचा. पण बैल जुंपा असं ती म्हणाली नाही.

आषाढात जंगल खात्याचा दरोगा आला. घोड्यावर बसूनच त्यानं राखट पाहिलं आणि विचारलं, "नांगर कुठंय?"

"नांगर न्हाई लागत, सायब. हळद बगा की, कुणी लावली? रानडुकरांनी?"

पहारेकरी महबूब हसला, दरोगा हसला नाही. कायदा म्हणजे कायदा. पाटलाच्या रानाला लागून, राखटाच्या खालच्या कडेला, पुरुषभर उंचीचा चुना फासलेला दगड उभा राहिला. शिवम्माचं अख्खं राखट जंगलात गेलं.

ती कमरेवर हात ठेवून दगडाकडं बघत होती. म्हणाली, "ह्यो हितं ठरायचा न्हाई."

दरोग्याला ती धमकी वाटली. चार दिवस झड लागली आणि पाचव्या दिवशी दगड हळदीत आडवा. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. मग काय, शिवम्माला चौकीवर बोलावणं आलं.

"दगड उपटलास. माफी माग, सोडून देतो."

"जे केलंच न्हाई त्याची माफी कशी मागू? उपटायचाच आसता तर दिवसाढवळ्या उपटून तुमच्या दारात आणून टाकला आसता. मला काय चोरी हाय?"

"मग बस इथंच."

ती बसली. चौकीच्या अंगणात, चिखलात, दिवसभर. दुपारी वैजिनाथ फडक्यात भाकरी बांधून आला. शिवम्माला वाटलं, आता हा माझ्या वतीनं हात जोडणार. वैजिनाथनं तिच्यापुढं भाकरी ठेवली, धोतर आवरलं आणि तिच्याशेजारी चिखलात बसकण मारली. "मीबी बसतो," तो दरोग्याला म्हणाला. आवाज कापत होता, पण म्हणाला. शिवम्माचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत.

नवराबायको मिळून बसलेली बघून दरोगा वैतागला. त्यानं दोघांना हाकललं, दगड तिसऱ्यांदा उभा करवला आणि महबूबला राखणीला बसवलं. शिवम्माही समोरच्या सीताफळीखाली जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून, महबूबला दिसतील असे. पाऊस लागला. वर पाणी साचलेलं दिसेना, सगळं मातीच्या पोटात. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दगडाच्या बुडाशी माती लोण्यासारखी मऊ झाली, तो जरासा कलला, थांबला, आणि सावकाश निजला. महबूब उठून उभा राहिला. शिवम्मा जागची हलली नव्हती.

"या अल्ला," महबूब म्हणाला. दरोग्यापुढंही त्यानं तेच सांगितलं. बाईनं बोट लावलं नाही, दगड आपसूक पडला.

दगड पडलेली हद्द वरच्या साहेबाला दाखवायची कशी? दरोग्यानं दगड खाली पाटलाच्या रानात सरकवायला सांगितला. त्याबरोबर रामकिसन पाटील फेटा हातात घेऊन धावत आला.

"सायब, माजं रान नांगराचं हाय! अन् राखटाचं म्हणाल तर ते शिवम्माच्या घरचंच हाय, बापजाद्यापासनं! साऱ्या गावाला विचारा!"

एवढं प्रेम पाटलाला एका दिवसात कुठून आलं, हे शिवम्मानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं. पाटलानं फेटा नीट बांधायला घेतला.

मग दगड वर गेला. मन्मथअप्पांच्या बोडक्या तुकड्यातही तो रोवून पाहिला, तिथल्या भुकटीत तर तो संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. शेवटी त्याच्याही वर, कडक मुरमात, दगडानं पाय रोवले. जंगल त्याच्या पलीकडं आणि सगळं राखट अलीकडं. दरोगा त्या वाटेनं पुन्हा आला नाही.

शिवम्मानं उरलेलं आयुष्य त्या बोडक्या तुकड्यावर पाला वाहण्यात घालवलं. लोक हसायचे. म्हातारपणी तिथं थोडं गवत धरलं, त्याहून जास्त काही नाही, आणि ती रोज जाऊन त्या गवताला हात लावून यायची.

ती गेली तेव्हा लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं तिला बसवून पुरायचं होतं, आणि राखटातली, हळदीशेजारची जागा तिनंच सांगून ठेवली होती. माणसं कुदळी घेऊन आली. म्हातारा वैजिनाथ बांधावर आडवा उभा राहिला.

"कुदळ आत न्यायची न्हाई," तो म्हणाला. या खेपेला त्याचा आवाज कापला नाही. "खुरपी घ्या. न्हाईतर हातानं उकरा."

माणसांनी हातानं उकरलं. माती हलकी होती, खड्डा झटकन झाला. माती लोटून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, वर एक दगड ठेवू, खूण राहील.

"ठिवा की," वैजिनाथ म्हणाला. "बगा ठरतो का."

रडता रडता माणसं हसली. दगड कुणी आणला नाही. वैजिनाथनं कमरेचं खुरपं काढलं, खाली बसला आणि त्या जागेवर हळद टोकायला लागला.